खोताच्या वाडीतला क्रूस, गिरगाव

मुंबईत गिरगावच्या जगन्नाथ शंकरशेट रस्ता आणि विठ्ठलभाई पटेल रस्ता यांच्यामधल्या खोताच्या वाडीत, गल्लीच्या कडेला असलेलं कॅथलिक प्रार्थनास्थान. स्थापना १८९९. याला चर्च म्हणणं म्हणजे कोनाड्यातल्या देवाला देऊळ म्हणण्यासारखं. मधोमध क्रूस, त्यावर झेंडूचा हार, पायाशी मेणबत्त्यांचं गोठलेलं मेण. चार माणसं प्रार्थनेला थांबली की जाणाऱ्या-येणाऱ्याला अंग चोरून वाट काढावी लागते.

वाडी क्रूसापेक्षा शंभरेक वर्षांनी जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथले भूखंड ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले, आणि नाव खोतांचं, वस्ती ख्रिस्ती अशी ही वाडी झाली. ईस्ट इंडियन म्हणजे पोर्तुगीज काळात बाटलेले उत्तर कोकणातले मूळ रहिवासी. घरात बोली मराठीचीच. नाव मात्र इंग्रजी अमदानीतलं. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ते धारण केलं.

क्रूसाची हकिकत सुरू होते प्लेगपासून.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या गाठीच्या तापाचं निदान केलं. डॉक्टर मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. पाठोपाठ घरझडत्या आणि सक्तीचं विलगीकरण आलं. रोगाइतकीच लोकांना त्याची धास्ती. ज्याला जमलं तो गावी पळाला. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ लोकांचं असलेलं हे शहर १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आलं. वांद्रे आणि माझगावच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्येही क्रूस उभे राहिले ते याच भीतीपोटी. खोताच्या वाडीचा क्रूस मात्र धावा म्हणून नव्हे, तर साथीतून वाचल्याबद्दल उपकार मानण्यासाठी बांधला, असं सांगितलं जातं. शेजारच्या हिंदू चाळींना हे समजावून सांगावं लागलं नसणार. नवस फेडणं त्यांच्या ओळखीचं होतं.

त्याच १८९९ सालच्या ऑगस्टमध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये सुरू झाली. प्लेगची लस त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती. प्रयोगशाळेची दप्तरं सरकारदरबारी राहिली. वाडीच्या आठवणीची नोंद ठेवली ती या क्रूसानं.

क्रूसाचं शेजारही लक्षात घेण्याजोगं आहे. जवळच संत तेरेसाचं चर्च, म्हणजे गिरगावकरांचं ‘पोर्तुगीज चर्च’. थोड्या अंतरावर केशवजी नाईकांची चाळ. तिथला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. वाडीतच अनंताश्रम ही माशांच्या जेवणासाठी नावाजलेली खानावळ होती. ती आता बंद झाली आहे.

लाकडी व्हरांडे, बाहेरून वर चढणारे जिने आणि मंगलोरी कौलं असलेली सुमारे ६५ घरं एके काळी इथे होती. त्यांतली निम्मीही आता उरलेली नाहीत. आजूबाजूला उंच इमारती चढल्या आहेत. क्रूस मात्र जागच्या जागी आहे.

चर्नी रोड स्थानकापासून वाडी पायी दहा-बारा मिनिटांवर. क्रूस रस्त्यालगत असल्यानं केव्हाही पाहता येतो. घरांचे फोटो काढण्याआधी मात्र राहणाऱ्यांना विचारावं.