मेफेड्रोन : एका विषाची बखर

नशा म्हणजे हातभट्टी, गांजा नाहीतर अफू, एवढीच कामगारवस्तीची जुनी समजूत. पण प्रयोगशाळेतील नशेलाही इतिहास आहे. मेफेड्रोन प्रथम तयार झाले १९२९ साली. पुढे ते विस्मरणात गेले आणि २००३ नंतर बाजारात उतरले. ब्रिटनने त्यावर २०१० मध्ये बंदी घातली. आपला अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्याच्या यादीत हे नाव चढले २०१५ साली. कायद्याला नाव लागते. बनवणारा रसायनात किंचित फेरफार करतो आणि नाव बदलते.

ही गोष्ट दूरची नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भीमेपलीकडे, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, पुणे पोलिसांनी या द्रव्याचा मोठा साठा पकडला.

कोणी रात्रपाळीत जागण्यासाठी घेवो, कोणी मौजेखातर. छाती धडधडते, अंग तापते, झोप उडते, संशय आणि भास सुरू होतात. यावर हमखास उतारा नाही. डॉक्टर रोग्याला शांत खोलीत ठेवतात, शामक औषध देतात, अंग थंड करतात, हृदयाचा आलेख काढतात. सवय सोडवण्याचे काम पुढे महिनोन्महिने चालते.

म्हणून काय घेतले, हे डॉक्टरांपासून लपवू नये. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, मान्यताप्राप्त संस्थेत स्वखुशीने उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनीला याच कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. कारखाने शोधणे पोलिसांचे काम; आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत नेणे हे आम्ही संघटनेचे व शेजाऱ्यांचे काम समजतो.