माळ्यावरची बुरशी फक्त गळतीची नव्हे

कोकणात माळ्यावर बुरशी दिसली की निदान ठरलेले असते: छप्पर गळते. मग कौले उतरून पत्रा चढतो, फटी सिमेंटने बुजतात, वाशांना ब्लीच फासले जाते आणि ट्रंकेत डांबरगोळ्या पडतात. हे मत अगदीच निराधार नाही. फुटक्या कौलाखालचा वासा कुजतो. गळती असेल तर ती आधी काढलीच पाहिजे. पण थेंबभरही न गळणाऱ्या छपराखाली बुरशी का येते, याचे उत्तर या मतापाशी नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरावर पत्रा चढला, त्या पहिल्याच श्रावणात काकू सोवळ्याची पातळे काढायला माळ्यावर गेली. ट्रंकेच्या झाकणावर हिरवट थर होता, वाशावरून बोट फिरवले तर बोट काळे. बाहेर दोन दिवस उघडीप होती. पहाटे मी टॉर्च घेऊन वर चढलो, तर पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब ओळीने लोंबत होते. एकही भोक नव्हते. ते पाणी आभाळातले नव्हते, घरातले होते.

३० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प पेलते, २५ अंशांची फक्त २३. उघड्या आभाळाखाली पत्रा रात्री झपाट्याने निवतो. घरातली उबदार, ओली हवा वर जाऊन त्याला टेकली की जादा बाष्पाचे पाणी होते. पत्र्याला घाम येतो म्हणतात तो हाच. आणि हे बाष्प येते कुठून? एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत जाते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे वीस लिटरांच्या वर! भाताची, आंघोळीची, दोरीवरच्या कपड्यांची वाफ निराळीच.

कौलाच्या सांध्यांतून ही वाफ निघून जाई. भाजलेली माती थोडी ओल पिते आणि वारा लागला की सोडते. मंगळुरात १८६५ साली बासल मिशनच्या कारखान्यात सुरू झालेल्या या कौलांच्या फटींना आपण दोष समजलो. खाली चुलीची धग असे, ती माळा शेकून काढी. चुलीकडे परत चला, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या धुराने किती बायकांच्या छात्या पोखरल्या. पण चूल गेली, फटीही गेल्या, आणि त्यांचे काम कुणाकडेच सोपवले गेले नाही.

ते काम आता माळ्याच्या झडपांनी करायला हवे. यावर एक सबळ आक्षेप येतो: जुलैत बाहेरचीच हवा ओली, मग झडप उघडून काय मिळणार? बाहेरची ओल कमी होणार नाही, हे मान्य. पण घराने तिच्यात घातलेली भर निघून जाते, आणि उघडीप मिळताच लाकूड सुकते. बुरशीला ओल टिकून लागते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही.

ब्लीचबद्दलही गैरसमज आहे. त्यात बहुतांश पाणीच असते. डाग पांढरा होतो, पाणी लाकडात मुरते, बुरशीचे आतले तंतू जगतात. संडास धुण्याच्या आम्लात ब्लीच मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. डांबरगोळी तर कसरीसाठी असते. त्यापेक्षा एन-९५ मास्क लावून वासे साबणपाण्याच्या ब्रशने घासावेत, पूर्ण सुकवावेत आणि मग टाकणखाराचे पाणी लावावे. कोरड्या झाडूने झटकू नये. उडालेली बुरशी दमेकऱ्याच्या छातीत जाते. स्वयंपाकघराचा पंखा वाफ थेट घराबाहेर टाकणारा हवा, माळ्यावर नव्हे. माळ्याला समोरासमोर जाळीच्या दोन झडपा हव्यात.

गणपतीला गावी जाल तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा पहाटे माळ्यावर चढा आणि पत्र्याला आतून हात लावून पाहा. पाऊस नसतानाही हात ओला झाला, तर गवंड्याला बोलावण्याआधी घरातली वाफ कुठून बाहेर जाते ते शोधा.