शाळेंतून गेलेलें वळण

अमेरिकेंत गेलीं पंधरा वर्षें एक वाद चालला आहे. तो ऐकतांना मराठी माणसास आपल्याच घरांतील जुनी गोष्ट आठवावी. अक्षरास अक्षर जोडून, हात न उचलतां लिहिण्याचें इंग्रजी वळण शाळांतून शिकवावें कीं नाहीं, असा तो वाद आहे. २०१० सालीं जाहीर झालेल्या आणि तेथील बहुतेक राज्यांनीं पत्करलेल्या सामायिक शिक्षणदंडकांत या वळणास जागा उरली नाहीं. पुढें कांहीं राज्यांनीं पाऊल मागें घेतलें. कॅलिफोर्नियानें २०२३ सालीं कायदा करून पहिल्या ते सहाव्या इयत्तांत हें वळण पुन्हां आणलें. मुलांस जुनीं हस्तलिखितें वाचतां यावींत, हें पुरस्कर्त्यांनीं दिलेल्या कारणांपैकीं एक होतें.

आपणांस या प्रश्नाचें उत्तर तर्कानें शोधण्याची गरज नाहीं. आपलेंही एक धांवतें वळण होतें; तें शाळेंतून गेलें आणि पुढें काय झालें तें आपल्या डोळ्यांपुढें आहे. तें वळण म्हणजे मोडी.

मोडीचें जनकत्व परंपरेनें हेमाडपंताकडे दिलें आहे. हा हेमाद्रि पंडित तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा मोठा अधिकारी होता. एका माणसानें एखादी लिपि घडविली असेल असें मानणें कठीण. पण राज्याच्या कारभारासाठीं जलद लिहिण्याची जरूर पडली आणि त्यांतून हें वळण रुळलें, एवढा बोध त्या कथेंतून घेण्यास हरकत नाहीं. बोरूनें लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखालीं अक्षरें टांगीत जाई. एका अक्षराचा शेवट तोच पुढच्या अक्षराचा आरंभ. ह्रस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाहीं, दोन शब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं. लिहिणाऱ्याचा जो वेळ वांचे, तो वाचणाऱ्यास खर्चावा लागे! म्हणून पोथी बाळबोध आणि हिशेब मोडी, अशी वाटणी आपल्याकडे शतकानुशतकें चालली. मराठे दक्षिणेंत तंजावरास गेले तेव्हां त्यांच्याबरोबर मोडीही गेली, आणि तेथील राजांचें मोडी दप्तर आजही शिल्लक आहे.

ही लिपि मागें कां पडली? पहिलें कारण छापखान्याचें. प्रारंभीं मोडीचेही खिळे पाडले गेले होते. श्रीरामपूरच्या विल्यम केरीचा १८१० चा मराठी कोश मोडी टाइपांत छापला आहे. परंतु अक्षरास अक्षर गुंतविणें हा जिचा स्वभाव, ती लिपि सुट्या खिळ्यांत कशी रमावी? छापील मराठी बाळबोधाची झाली. १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारासाठींही मोडीच्या जागीं बाळबोध आणण्याचें ठरविलें. शाळेंत मोडीचा कित्ता त्यानंतरही कांहीं दशकें टिकून होता. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तोही अभ्यासक्रमांतून गेला.

मोडी घालविणारे सगळे अविचारी होते, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि हें लोण आसपासच्या गांवांत व नगर जिल्ह्यांत पसरलें. या दंग्यांत त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. ते कागद हिसकून त्यांनीं जाळले. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यांत काय लिहिलें आहे, हें त्या बापड्यांस कळत नव्हतें. कोठें मोडी, कोठें सावकाराचें स्वतःचें वळण. वाचून दाखविणाराही बहुधा त्याच्याच बाजूचा. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें गांवोगांव निबंधक नेमून, त्यांच्यासमोर दस्त करण्याची तजवीज केली, तिच्या मुळाशीं हेंच दुःख होतें. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांतही कारकुनी लेखणीपुढें हतबल झालेला शेतकरी आपणांस भेटतो. अशा समाजांत सर्वांसाठीं एकच, सुटसुटीत आणि छापील अक्षराशीं जुळणारी लिपि असावी, हा विचार न्यायाचाच होता. बाळबोधानें लहानसहान माणसास वाचतें केलें, हें तिचें ऋण विसरूं नये.

परंतु त्या न्यायाचें एक अंग अपुरें राहिलें. नवीन कागद बाळबोध झाले. जुने कागद जेथल्या तेथें राहिले. लिहिण्यासाठीं मोडी नको, हें ठरवितांना वाचण्यासाठीं ती हवी कीं नको, या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी पुरेसें पाहिलें नाहीं. शाळेनें एक सोडतांना दोन्ही सोडलीं.

त्याआधींच्या पिढीनें मोडीच्या बळावर काय केलें तें पाहा. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांचें दप्तर तपासून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. वयाची पासष्टी आलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पांच वर्षांत बाहेर आले. हें काम त्या वेळीं होऊं शकलें, कारण मोडी वाचणारा साहाय्यक मिळणें तेव्हां दुर्मिळ नव्हतें. त्या पंचेचाळीस भागांच्या मागें न निवडलेल्या, न छापलेल्या कागदांचे रुमालच्या रुमाल पुण्याच्या दप्तरखान्यांत बांधलेले आहेत. ते सोडणारे हात आतां मोजके उरले आहेत.

हा केवळ संशोधकांचा प्रश्न आहे, असें आपणांस वाटत असेल तर २०२३ साल आठवा. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. गांवोगांवचीं जुनीं दप्तरें उघडलीं, तों कित्येक कागद मोडींत निघाले, आणि मोडी जाणणाऱ्यांची एकच शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या वादांत मला येथें शिरावयाचें नाहीं. मी एवढेंच दाखवूं इच्छितों कीं, ज्याचें शिक्षण वा नोकरी पणजोबाच्या नांवापुढील एका शब्दावर अवलंबून, असा पदवीधर नातू तो कागद हातांत धरून वाचणाऱ्याच्या दारीं उभा राहिला. १८७५ त शेतकऱ्यास कागद वाचतां येत नव्हता, म्हणून त्यानें तो जाळला. दीडशें वर्षांनीं त्याच्या वंशजास कागद जपावयाचा आहे, पण वाचतां अजूनही येत नाहीं. साक्षरता घरोघरीं पोंचली, तरी या एका दारापाशीं आपण निरक्षरच राहिलों.

कोणी म्हणेल, आतां यंत्र वाचील. यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि २०१४ सालीं युनिकोड या जागतिक संकेतांत मोडीस स्थानही मिळालें. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु यंत्रानें वाचलेलें बरोबर कीं चूक, हें सांगण्यास कोणी वाचणारा नको काय? शिवाय नुसतीं अक्षरें लागून भागत नाहीं. ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ असें अक्षर न् अक्षर लागलें, तरी ही ११७१ ची शुहूर सनाची गणना असून ती इसवी सन १७७० च्या सुमारास पडते, हें जाणणारें माणूस लागतेंच.

मग शाळेनें काय करावें? प्रत्येक मुलास मोडी लिहितां आली पाहिजे, असा आग्रह मी धरणार नाहीं. ज्या लेखणीचें काम संपलें ती मुलांच्या हातीं बळेंच देण्यांत अर्थ नसतो. पण आमच्या शहरांतील मुलें आजही चाररेघी वहींत जोडून लिहिण्याचें इंग्रजी वळण घटवीत बसतात, आणि पालक तें कौतुकानें पाहतात. त्या वेळाचा थोडा भाग मोडी वाचनास द्यावा. आठवी-नववीच्या इतिहासाच्या तासांतून आठ-दहा तास काढावे. आपल्याच जिल्ह्यांतील एखाद्या मोडी पत्राची छायाप्रत वर्गांत ठेवावी, शेजारीं तिचें बाळबोध रूप ठेवावें, आणि मुलांस एकेक अक्षर हुडकूं द्यावें. सर्वच पारंगत होणार नाहींत. पण शंभरांतील दोघांचौघांस गोडी लागली, तरी जिल्ह्यास पुरे होतील. बाकीच्यांसही एवढें कळेल कीं, घरच्या ट्रंकेंतील तो वेडावांकडा दिसणारा कागद रद्दींत घालावयाचा नसतो.

वर्गांत मुलांचें अक्षर सुधारण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, अशा माझ्यासारख्या माणसास सुंदर वळणाचा लोभ असणारच. परंतु आजचें माझें सांगणें सौंदर्याविषयीं नाहीं. कोणतेंही लेखन शाळेंतून काढतांना, त्या लेखनांत आपले कोणकोणते कागद बांधलेले आहेत, याची यादी आधीं करावी, आणि ते सोडून वाचणारीं माणसें पुढील पिढींत कोठून येतील, हें त्याच बैठकींत ठरवावें. मोडीच्या बाबतींत ही बैठक शंभर वर्षें तहकूब राहिली आहे. ती आतां भरण्यास हरकत नसावी.