करवंदाच्या जाळीतलं कोपर

१९३५ सालचा मे महिना. तुम्ही कसाऱ्याच्या फलाटावर उभे आहात. डोक्यावर विजेच्या तारा आहेत, धूर कुठेच नाही. वाफेचं इंजिन आता घाट संपल्यावर, इगतपुरीला लागतं. इथे मालगाडीच्या तोंडाशी लांब नाकाडाचं, सांध्यांनी जोडलेल्या अंगाचं एक विजेचं इंजिन उभ्याउभ्याच कण्हतंय. गाडीवरची माणसं त्याला खेकडा म्हणतात.

आधी सिग्नलकडे बघा. खांबावर एक हात आडवा आहे. केबिनमधला माणूस लिव्हर ओढतो, लांबवर तार ताणली जाते आणि हात खाली येतो. सिग्नल पडला, वाट मोकळी. मधेच तार तुटली तर वजनाच्या ओढीने हात आपोआप आडवा होतो, म्हणजे गाडी थांबते. या हाताला येऊन जाऊन एकच गोष्ट येते, एका खिळीभोवती फिरणं. यंत्रशास्त्रात याला एक डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात. मी मोकळीक म्हणेन.

हवेत भिरकावलेल्या दगडाला अशा सहा मोकळिकी असतात. पुढेमागे, डावीउजवीकडे आणि वरखाली सरकायच्या तीन, आणि त्याच तीन दिशांच्या आसांभोवती फिरायच्या तीन. समोरच्या मालगाडीच्या पाच मोकळिकी रुळांनी काढून घेतल्या आहेत. उरलेल्या एकीच्या जोरावर ती आता थळ घाट चढणार आहे, दर सदतीस फुटांना एक फूट.

शिट्टी होते. फलाटाच्या कडेला वाका आणि चाकांवरचा तो जाड पोलादी दांडा बघा. तीन चाकांना त्यानेच एकत्र जखडलंय. दांड्यावर ग्रीसचा एक ठिपका आहे, त्याच्यावरून नजर हलवू नका. ठिपका गोल गोल फिरतोय, पण दांडा स्वतः आडवाच राहतो, जरासुद्धा कलत नाही. एका चाकाचा कोन कळला की बाकी सगळ्यांचा सांगता येतो. एवढ्या लोखंडाच्या हालचालीत मोकळीक ती एकच.

पण त्यात एक अडचण आहे. दांड्याची खिळी चाकाच्या आसाच्या समोर, अगदी एका रेषेत आली की त्या क्षणी दांड्याला चाक फिरवता येत नाही. ओढला काय, ढकलला काय, जोर सरळ आसावर जातो. म्हणून पलीकडच्या बाजूचा दांडा पाव फेरा मागेपुढे बसवलेला असतो. एक अडला की दुसरा त्याला सोडवतो. मला या इंजिनातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. ती नीट बघून ठेवा.

आता १९६१. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात युनिमेट नावाचा यंत्रहात साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलतोय. तिथे फार थांबू नका. पुढे चला, १९६९, स्टॅनफर्ड. व्हिक्टर शाइनमननं विजेवर चालणारा सहा सांध्यांचा हात केलाय. पाच सांधे फिरतात, एक सरकतो. जवळून बघितलंत की ओळख पटेल, कसाऱ्याचा सिग्नलच जणू एकापुढे एक जोडत नेलाय. सुटा बघितला तर प्रत्येक सांधा एकाच मोकळिकीचा. पण सहा मिळून पंजाला हव्या त्या जागी, हव्या त्या रोखाने नेतात. तीन जागेसाठी, तीन रोखासाठी, दगडाइतक्याच.

आणि दांड्याची ती अडचण इथेही भेटते. मनगटातले दोन आस एका रेषेत आले की दोन सांधे एकच काम करू लागतात. सांधे सहा, मोकळिकी पाच. त्या जागेच्या आसपास पंजाला तसूभर हलवायचं तर सांध्यांना गरागरा फिरावं लागतं. आजही यंत्रहाताचा मार्ग आखणारे या जागा चुकवूनच रेघ ओढतात.

परत कसारा. आजचा मे, आजची लोकल. पायऱ्यांशी एक बाई पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं विकतेय. विकत घ्या, पण खाण्याआधी आणखी एकदा मागे चला, फक्त काही तास. पहाट आहे. ती बाई डोंगरउतारावर जाळीत हात घालतेय आणि तुम्ही तिच्या खांद्याशी उभे आहात.

मोजा. खांद्याला तीन मोकळिकी, कोपराला एक, कोपरापुढचा हात पिळायची एक, मनगटाला दोन. सात. गरजेपेक्षा एक जास्त. ही सातवी कशाला, ते आत्ता दिसेल. बोटं काळ्या करवंदावर पोचलीत. नेमका कोपराशी जाळीचा दुहेरी काटा आडवा आलाय. सहा सांध्यांच्या हाताला अशा वेळी कोपर ठेवायच्या मोजक्याच जागा असतात. त्या काट्यांनी अडवल्या की हात बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच २००१ साली अंतराळस्थानकावर बसवलेल्या कॅनडार्म २ या यंत्रहाताला सात सांधे दिलेत.

बाई हात बाहेर काढत नाही. बोटं फळावर तशीच, खांदा जागेवरच, नुसतं कोपर वर उचललं जातं आणि काट्याला वळसा घालून पलीकडे उतरतं. देठ तुटतो. तिच्या अंगठ्यावर पांढरा चीक येतो.