निऱ्यांमागची माणसे

विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेरच्या एका सभेसाठी फलक रंगवण्याचे काम आम्ही अंगावर घेतले होते. डबा घेऊन पाळीला निघालेली बाई आणि मागे मलंगगड, असे चित्र काढले. युनियनमधील एका बाईने ते निरखले आणि विचारले, "भाऊ, ही चालते कशी? साडी तर खांबाला गुंडाळल्यासारखी आहे!" सारे हसले. प्रश्न मात्र आमच्या मनातून जाईना. वस्त्र नेसलेले माणूस उघड्या रानात उभे करायला आपले लोक शिकले कसे?

पहिली खूण जवळच सापडली. विठ्ठलवाडीपुढे उल्हासनगर टाकले की अंबरनाथ येते. तेथील १०६० सालच्या शिवालयावर १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे टेरीसाहेब आपली मंडळी घेऊन आले आणि कोरीव कामाचे साचे घेऊन गेले. एरवी वर्गात समोर असत ते ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे नमुने. पुढे ग्रिफिथ्ससाहेबांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या नकला करवून घेतल्या. तेथे विद्यार्थ्यांना झाडाखाडकांत वावरणारी, झिरझिरीत वस्त्रांची आपली माणसे दिसली.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली याच शाळेत आले व पुढे तेथेच शिक्षक झाले. १९२० सालच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकात त्यांनी नाना प्रांतांच्या, नाना धंद्यांच्या स्त्रिया रंगवल्या. त्यांच्या चित्रांवरून आम्हांला आमची चूक कळली. कापड अधांतरी पडत नाही. ते खांद्यावर, कमरेवर, पुढे आलेल्या गुडघ्यावर टेकते आणि चुण्या तेथूनच निघतात. म्हणजे आधी देह, मग त्याचे काम, मग कापड. उघड्यावर त्यात वाऱ्याची भर पडते. आणि पायाखाली सावली नसेल, तर माणूस जमिनीला लागत नाही.

दुसऱ्या फलकासाठी आम्ही त्याच बाईंना उभे राहण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "अर्धा दिवस उभं राहायचं, तर अर्ध्या दिवसाची मजुरी?" मजुरीसाठी भांडण्यात उमर घालवलेले आम्ही खजील झालो. पैसे दिले. फलकावर त्यांचे नाव घालू म्हटले, तर त्यांनी हात जोडले. "नको भाऊ, कामावर कळेल."

चित्राखाली चित्रकाराची सही असते; उभे राहणाऱ्याचे नाव बहुधा नसते. त्याचे एक कारण आम्हांला त्या दिवशी समजले.