संक्रांतीचे भेटपत्र आणि ‘ळ’चा ठसा

शुभेच्छापत्र ही इंग्रजांची देणगी, असे आपण सहज बोलून जातो. छापील शुभेच्छापत्रापुरते ते खरेही आहे. लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांनी १८४३ मध्ये जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळासाठी चित्र काढून घेतले, ते छापून विकले आणि तेथून हा व्यापार सुरू झाला. पुढे तो आपल्याकडे आला, दिवाळीला चिकटला आणि आपल्या अंगणात रुळला. परंतु संक्रांतीच्या भेटपत्राची गोष्ट निराळी आहे. त्याचे कूळ लंडनात शोधण्याची गरज नाही. अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे, त्यांना पौष महिन्याच्या पत्रांत एक ठरावीक मजकूर भेटतो. मकरसंक्रमणाचे तीळ शर्करेसह पाठविले आहेत, त्यांचा स्वीकार करावा, लोभ असावा, अशा आशयाचा. पत्रातील बाकीचा विषय फौजेचा असो वा कर्जाचा, ही तिळशर्करा मात्र चुकत नाही. कागदाच्या घडीबरोबर चार दाणे जात आणि गोड बोलण्याची आठवण जाई. भेटपत्राची आणखी वेगळी व्याख्या ती काय करावयाची?

आपल्या तापीकाठच्या भागात ही रीत कधी रुजली ते नेमके सांगता येणार नाही, पण तिच्यामागचा राजकीय संदर्भ स्पष्ट आहे. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या लढाईत निजामाचा पराभव झाला आणि तहात बऱ्हाणपूर व अशीरगड पेशव्यांकडे आले. त्याच तहात दौलताबादचा किल्लाही मिळाला. ही दोन नावे एकत्र आली की मला एक योगायोग हटकून आठवतो. बऱ्हाणपूर हे नगर फारुकी सुलतानांनी ज्या संतांच्या नावे वसविले, ते बुऱ्हाणुद्दीन गरीब चिरविश्रांती घेत आहेत ते दौलताबादेशेजारच्या खुलताबादेत. आणि खुलताबाद व दौलताबाद यांच्या मधोमध आहे कागजीपुरा, म्हणजे कागद करणाऱ्यांचे गाव. दौलताबादी आणि जुन्नरी या कागदांवर मराठेशाहीचे कितीतरी दप्तर लिहिले गेले. आपल्या आणखी जवळ खानदेशात एरंडोल आणि यावल येथेही देशी कागद होत असे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी दोन्ही गावांच्या वर्णनात या धंद्याची नोंद केली आहे, पण ती बहुतांशी ‘एके काळी’ या सुरात. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा टिकला नाही.

हा कागद कसा होई ते थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या हस्तकलेच्या कित्येक शब्दांची मुळे तेथे आहेत. ताग, अंबाडी, जुनी गोणपाटे, दोर असा माल चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. हा लगदा हौदातील पाण्यात कालवून गवताच्या बारीक काड्यांच्या चाळणीवर उचलायचा. ओले ताव भिंतीवर वाळवायचे. त्यांना खळ लावायची, म्हणजे शाई पसरत नाही. शेवटी गुळगुळीत दगडाने ताव घोटायचा, तेव्हा त्यावर बोरू अडखळत नसे. आपल्या मुलांच्या दप्तरात ‘घोटीव कागद’ नावाचे जे चकचकीत रंगीत चौकोन असत, त्यांना दगड कधी लागला नव्हता. त्यांची चकाकी कारखान्यातली. परंतु नाव मात्र त्या घोटण्याचे राहिले. खळीचेही तसेच. डिंकाची बाटली घरात नसली की कणकेची किंवा मैद्याची खळ शिजत असे, आणि कात्रीने कापलेली फुले तिनेच चिकटत.

शिक्क्याविषयी आम्हां सरकारी माणसांना उगाच जिव्हाळा असतो. जुन्या राजपत्रात शिक्का वरच्या बाजूस उमटे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब होई, ते अशासाठी की त्याखाली कुणी एक अक्षरही वाढवू नये. शिक्का अधिकाराचा आणि मोर्तब मर्यादेचे. शाई ओली असताना तीवर बारीक वाळू शिंपडीत. मोठ्या माणसाला जाणाऱ्या पत्राच्या कागदावर सोनेरी वर्खाचे कण असत, वर जरीची थैली. आज शहरांतून भेटपत्रे करण्याचे जे साहित्य मिळते, त्यात ओल्या शाईवर शिंपडून तापविण्याची एक भुकटी असते. ती वितळली की अक्षर उठून दिसते. नक्षीचे पंच असतात, नागमोडी कात्र्या असतात, पारदर्शक ठसे असतात. हे सारे नवे आहे असे विकणाऱ्यांना वाटते. वाळूदाणी पाहिलेल्यास तसे वाटणार नाही.

ठसे कोरण्याची विद्या बऱ्हाणपुरास परकी नव्हतीच. सतराव्या शतकात ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला, तेव्हा येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले. त्यांत रंगविलेले, फुले काढलेले कापडही होते. कापडावरील फूल आणि कागदावरील फूल यांत कारागिराच्या दृष्टीने अंतर थोडेच.

छपाई आणि टपाल यांनी मात्र संक्रांतीच्या पत्राचे रूप बदलले. १ जुलै १८७९ पासून हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि सामान्य माणसाला पत्र परवडू लागले. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत निघाला आणि रंगीत चित्र घराघरांत पोहोचले. विसाव्या शतकात पुण्या-मुंबईच्या दुकानांत संक्रांतीची छोटी छापील कार्डे दिसू लागली. त्यांवर हलव्याची वाटी, पतंग, हळदीकुंकवाचे तबक आणि दोन ओळींचा मजकूर असे. पाकीट उघडे ठेवून वर ‘बुक-पोस्ट’ लिहिले की टपाल कमी लागे. पण त्यात खासगी पत्राचा मजकूर चालत नसे. म्हणजे छापलेले प्रेम स्वस्त, हाताने लिहिलेले महाग. नियम कोणी केला त्याला दोष देत नाही. नियमांची भाषा अशीच असते. आमच्या घरात मात्र पूर्ण दराचे तिकीट लावण्याची पद्धत होती, कारण पुडीत बांधलेले हलव्याचे पाच दाणे आणि खाली चार ओळी गेल्याशिवाय ते कार्ड पुरे झाले असे आजीला वाटत नसे.

आता १९५६ या वर्षाकडे येतो. त्या वर्षी आपल्या भागात दोन गोष्टी घडल्या. २६ एप्रिल रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नेपानगरच्या कागद कारखान्याचे उद्घाटन झाले. वृत्तपत्रांचा कागद करणारा हा देशातील पहिला कारखाना. खासगी प्रयत्नातून तो निघाला होता आणि १९४९ मध्ये नागपूरच्या प्रांतिक सरकारने हाती घेतला. आपल्याच डोंगरांतील सालई आणि बांबू यांचा तेथे लगदा होऊ लागला. सालईच्या झाडाचा उपयोग डिंक आणि धूप यांपुरता असतो असे मानणाऱ्या पिढीला ते नवल होते. दुसरी गोष्ट १ नोव्हेंबरची. राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. तोवर नागपूरच्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. त्यानंतर आपल्याकडे कचेरीतून मराठी गेली आणि हळूहळू शाळेतूनही विरळ झाली. एकाच वर्षी दाराशी कागद आला आणि त्यावर लिहावयाची भाषा माजघरात गेली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. हिंदीने आपल्याला पोटाला दिले, माझी सारी नोकरी तिच्यात झाली आणि तिचे ऋण मी मानतो. मुद्दा इतकाच की खकनारसारख्या ठिकाणी, जेथून धारणीकडे गेले की महाराष्ट्र आणि बऱ्हाणपुरावरून रावेरकडे गेले की पुन्हा महाराष्ट्र, तेथेही मराठी लिहिण्याचे प्रसंग वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतके उरले. लग्नाची कुंकुमपत्रिका, श्राद्धाची यादी, देवघरातील पोथीवर टाकलेले नाव आणि संक्रांतीचे कार्ड. यांपैकी लहान मुलांच्या हाती येई ते फक्त शेवटचे.

आणि ते हातानेच करावे लागे. बऱ्हाणपूरच्या दुकानांत दिवाळीची आणि नववर्षाची हिंदी कार्डे ढिगाने मिळत. तिळगुळाची मराठी कार्डे कुणी भुसावळ-जळगावहून आणली तर. म्हणून पौष लागला की पुठ्ठे, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, पतंगाच्या कागदाच्या चिंध्या असा ऐवज गोळा होई. बटाटा अर्धा चिरून, फडक्याने टिपून कोरडा करायचा, नाही तर त्याच्या पाण्याने रंग ओघळतो. भेंडीचे आडवे काप केले की आयते पाकळ्यांचे फूल मिळते, कोरण्याचे कष्टच नाहीत. जुन्या स्लीपरच्या तळाचा किंवा खोडरबराचा ठसा ब्लेडने कोरला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. शाईची गादी म्हणजे साबणाच्या डबीत घडी घालून भिजविलेले फडके. निळीचा निळा, डिंकात कालवलेल्या कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा, जो उन्हात उडून जातो हे ठाऊक असूनही प्रत्येक घरात वापरला जाई.

फुलांचे ठीक आहे. अक्षरांचा ठसा ही खरी परीक्षा. ठशात अक्षर उलटे कोरावे लागते. सरळ कोरले तर उमटताना ‘ति’ची वेलांटी दुसऱ्या बाजूस जाते आणि ऱ्हस्वाची दीर्घ झाल्यासारखी दिसते. व्याकरणाच्या मास्तरांनी छडीने जे शिकविले नसेल ते बटाटा शिकवी. यावर तोड अशी की पातळ कागदावर शाईने शब्द लिहायचा, ओला असतानाच तो ठशाच्या पृष्ठभागावर पालथा घालून चोळायचा, आणि उमटलेल्या उलट्या रेघांच्या बाजूचा भाग ब्लेडने काढून टाकायचा. शिरोरेषा आधी सोडवून घ्यावी, ती सरळ आली की अक्षरे तिच्यावर आपोआप टांगली जातात.

त्या कार्डांपैकी किती उरली? जुन्या ट्रंका उघडणाऱ्या वाचकांना अनुभव असेल. नेपा कागदाच्या उरलेल्या तावांवर केलेली कार्डे आज चहाच्या रंगाची झाली आहेत आणि घडीवर तुटतात. यात करणाऱ्याचा दोष नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकूड दळून केलेला लगदा असतो, त्यात लाकडाचे लिग्निन तसेच राहते आणि प्रकाश व हवा लागली की ते पिवळे पडते. कागद एक दिवस वाचून टाकण्यासाठी केलेला असतो, त्याच्याकडून पन्नास वर्षांची अपेक्षा करणे अन्यायाचे. उलट ताग-चिंध्यांच्या हातकागदावरील अडीचशे वर्षांपूर्वीची पत्रे दप्तरखान्यांत अजून वाचता येतात. पुण्यात १९४० मध्ये गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी हातकागदाची संस्था उभी केली. तेथे सुती कापडाच्या कतरणीपासून कागद होतो, म्हणजे झाड तोडावे लागत नाही. त्या कागदाला यंत्राच्या कागदासारखा एकाच दिशेचा कल नसतो, त्यामुळे घडी कुठूनही घातली तरी सहसा फाटत नाही. ज्यांना नातवंडांची कार्डे ठेवावयाची आहेत त्यांनी चार पैसे अधिक देऊन असा कागद आणावा. नेपानगरच्या कारखान्याने पुढे लाकूड सोडून रद्दीचा लगदा वापरण्यास सुरुवात केली. २०१६ मध्ये तेथले उत्पादन थांबले आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

अलीकडे आपल्या काही घरांतील सुना-मुली विकतचे ठसे आणि पंच मागवून सुरेख कार्डे करतात. काम नीटस असते, आमच्या बटाट्याच्या कामाहून कितीतरी सरस. परंतु त्या तयार ठशांवरील अक्षरे बहुधा इंग्रजी. देवनागरी हवे असेल तर कचेरीपाशी बसणाऱ्या रबरी शिक्केवाल्याकडे जावे लागते, आणि तेथे जुनी अडचण उभी राहते. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. सुटे रबरी टंक जुळवून शिक्के करीत, तेव्हा हिंदीच्या त्या संचात हे अक्षर सापडत नसे. ‘तिळगूळ’ मागितले की ‘तिलगुल’ मिळे आणि शिक्केवाला प्रामाणिकपणे विचारी, फरक काय पडतो? ‘काळे’ आडनावाच्या माणसाचे ‘काले’ होते, ‘मुळे’चे ‘मुले’ होते, हे इथल्या कुळांना समजावून सांगण्याची गरज नाही. कित्येकांच्या शाळेच्या दाखल्यावर ते तसेच झाले आहे. आता संगणकावर हे अक्षर मिळते, मात्र जुळवणारा हिंदीभाषक असेल तर ते मुद्दाम मागून घ्यावे लागते.

खोडरबरावर ‘ळ’ कोरणे तसे अवघड नाही. शेजारी शेजारी दोन गोल पोकळ्या काढायच्या, मधला सांधा जाड ठेवायचा, वरून दांडी शिरोरेषेला भिडवायची. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असल्याने ते उलटे-सुलटे झाले तरी फारसे बिघडत नाही, म्हणून शिकणाऱ्या मुलाला पहिले अक्षर हेच द्यावे. सांधा मात्र नीट सांभाळावा. तो तुटला की उमटतात ती दोन सुटी शून्ये.