अनंतवात आणि अन्यतोवात : वेदनेच्या दोन नावांविषयी

‘संहिता’ हा शब्द साहित्याच्या वर्गात उच्चारला की कवितेचा वा नाटकाचा मूळ पाठ डोळ्यांसमोर येतो. वैद्यकाच्या वर्गात तोच शब्द चरक-सुश्रुतांकडे नेतो. हे दोन वर्ग एकमेकांच्या शेजारी क्वचितच भरतात. वास्तविक रोगाचे वर्णन हीसुद्धा एक संहिताच असते. तिच्यातही शब्दांची निवड असते, मौन असते, पाठभेद असतात, आणि तिचाही चुकीचा अनुवाद होऊ शकतो. फरक इतकाच, की या अनुवादाची किंमत वाचकाला नव्हे, तर रुग्णाला मोजावी लागते. चेहऱ्याच्या एका जुनाट वेदनेच्या नावाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

ही वेदना आज ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ या नावाने ओळखली जाते. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या पाचव्या मस्तिष्क-चेतेच्या वाटेवर, बहुधा एकाच बाजूला, विजेचा झटका बसावा तशी कळ उठते. ती काही सेकंदच टिकते. पण दात घासणे, घास चावणे, तोंड धुणे, बोलणे, इतकेच काय, गालाला वाऱ्याची झुळूक लागणे एवढ्यानेही ती पुन्हा उठते. आजच्या अनेक आयुर्वेदीय पुस्तकांत हिच्यापुढे कंसात एक शब्द असतो : ‘अनंतवात’. हा कंस इतका सरावाचा झाला आहे, की त्याच्या आत काय आहे हे आपण तपासत नाही.

अनंतवाताचे वर्णन दोन ठिकाणी मिळते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राच्या पंचविसाव्या अध्यायात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. सूर्यावर्त, अर्धावभेदक आणि शंखक यांच्या जोडीने तेथे अनंतवात येतो. चरकसंहितेत तो सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात आहे, म्हणजे दृढबलाने पूर्ण केलेल्या भागात. उत्तरतंत्रही मूळ पाच स्थानांना नंतर जोडले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याचा अर्थ, दोन्ही संहितांमध्ये हे नाव उत्तरकालीन थरात सापडते. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात शिरोरोगांची मांडणी नव्याने केली, तेव्हा अनंतवात त्याच्या यादीत राहिला नाही. ज्याला आपण ‘प्राचीन निश्चित नाव’ समजतो, ते परंपरेच्या आतच स्थिर नव्हते.

आता वर्णन पाहू. तिन्ही दोष दूषित होऊन मानेच्या मागच्या बाजूस तीव्र वेदना उत्पन्न करतात, ती डोळा, भुवई आणि शंखप्रदेश, म्हणजे कानशील, येथे येऊन ठाण मांडते, गालाची बाजू स्फुरते, हनुवटी जखडते, नेत्ररोग उद्भवतो. चेहऱ्यावरील प्रदेश आणि गालाचे स्फुरण आजच्या वर्णनाशी जुळतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मानेतून होणारा आरंभ जुळत नाही, नेत्ररोगही जुळत नाही. आणि सर्वांत बोलके आहे ते मौन : क्षणभराची कळ आणि स्पर्शाने तिचे पुन्हा पेटणे, ही या रोगाची जी खूण, तिचा येथे उल्लेख नाही. तेव्हा अनंतवात या पोटात आज वेगवेगळ्या मानल्या जाणाऱ्या अनेक वेदना मावत असाव्यात, असे म्हणणेच संहितेशी अधिक प्रामाणिक ठरेल.

त्याच उत्तरतंत्रात, सहाव्या अध्यायात, नेत्ररोगांमध्ये आणखी एक नाव आहे : अन्यतोवात. वायू मानेत, कानात, डोक्यात वा हनुवटीत राहतो आणि वेदना मात्र डोळ्यात किंवा भुवईत करतो, म्हणून हे नाव. दुखते एकीकडे, कारण दुसरीकडे. दाताच्या, कानाच्या आणि डोळ्याच्या वैद्यांकडे फिरून आलेल्या रुग्णाला या एका शब्दात आपली कहाणी सापडेल. मज्जासंस्थेची आजची रचना ठाऊक नसताना केवळ रुग्णाचे ऐकून, हाताने चाचपून घडलेला हा शब्द आहे. ‘अनंतवाता’ला जे महत्त्व कंसाने मिळवून दिले, ते ‘अन्यतोवाता’च्या वाट्याला आले नाही, याची खंत वाटते.

कारणांचा भागही थांबून वाचावा असा आहे. चरकसंहिता अनंतवाताची कारणे देते : उपवास, अतिशोक, अतिशय रूक्ष, थंड आणि अल्प भोजन. घास चावला की कळ उठते, म्हणून जेवणच सोडलेला रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्याला येथे शंका येईल. उपाशी, शोकमग्न, कृश असा हा मनुष्य रोगाचे कारण घेऊन आला होता की रोगाचा परिणाम? वैद्याने जे पाहिले ते खरे असावे. कार्यकारणाची दिशा मात्र उलटीही असू शकेल. सुश्रुताने सुचविलेला आहार या शंकेला बळ देतो : मधुमस्तक, संयाव, घृतपूर. तूप, पीठ, दूध, साखर यांची ही पक्वान्ने वातपित्तशमनासाठी सांगितली आहेत. सिद्धान्त काहीही असो, न जेवणाऱ्याला जेवू घालण्याची करुणा त्यात आहेच.

उपचारांत सूर्यावर्ताचा विधी आणि सिराव्यध सांगितला आहे. येथे मराठी वाचकाने विशेष जपावे. आपण ‘शीर दबली’, ‘नस आखडली’ असे सहज म्हणतो, तेव्हा आपल्या मनात चेता असते. संहितेतील ‘सिरा’ ही मात्र रक्तवाहिनी, आणि सिराव्यध म्हणजे वरवरच्या शिरेतून रक्त काढणे. शिवाय १९३० च्या दशकात वॉल्टर डँडी यांनी अनेक रुग्णांत या चेतेच्या मुळाशी रक्तवाहिनी टेकलेली असल्याचे नोंदविले. हे ऐकून ‘सुश्रुताला हे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कपाळावरची शीर आणि कवटीच्या आतली धमनी यांना जोडणारा दुवा संहितेत नाही. तो आपल्या बोलीतल्या संदिग्धतेने निर्माण केलेला आहे.

युरोपचा प्रवासही सरळ नव्हता. निकोला आंद्रे याने १७५६ मध्ये या रोगाला ‘वेदनामय आचका’ या अर्थाचे फ्रेंच नाव दिले. म्हणजे त्याचीही नजर प्रथम हलणाऱ्या चेहऱ्यावरच गेली. जॉन फॉदरगिल याचे सविस्तर वर्णन १७७३ चे. चार्ल्स बेल याने १८२१ मध्ये चेहऱ्याची हालचाल आणि संवेदना यांच्या चेता वेगळ्या असल्याचे मांडले. तोवर वेदनेसाठी भलतीच चेता कापली जाऊन रुग्णाचा चेहरा लुळा पडत असे. आपल्या संहितांनी हालचाल जाण्याचा ‘अर्दित’ वातव्याधींत आणि वेदनेचा अनंतवात शिरोरोगांत ठेवला होता. हा भेद निरीक्षणाचा आहे, शारीररचनेचा नव्हे. पण निरीक्षण म्हणून तो लहान नाही.

मग तो कंस आला कोठून? एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत संहिता छापल्या गेल्या, आयुर्वेदाची विद्यालये निघाली, आणि प्रत्येक इंग्रजी रोगनामाला संस्कृत जोडीदार शोधणे ही प्रतिष्ठेची गरज बनली. गणनाथ सेन यांचे १९१३ चे ‘प्रत्यक्षशारीरम्’ त्याच काळाच्या धडपडीचे अपत्य. त्या धडपडीमागचा स्वाभिमान समजून घेता येतो. पण समानार्थी शब्द सापडला की शोध संपतो, ही तिची किंमत आहे.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हा वाद केवळ शाब्दिक उरत नाही. १९६२ मध्ये ब्लोम यांनी कार्बामाझेपिनचा उपयोग दाखविला. आजही ते पहिल्या पसंतीचे औषध आहे, आणि निवडक रुग्णांत चेतेवरचा धमनीचा दाब शस्त्रक्रियेने दूर करता येतो. नस्य वा घृतपान यांच्या बाजूने असा भक्कम पुरावा नाही. नाव जुळले म्हणून उपचारही जुळला असे मानून कोणी महिने घालवले, तर ती वेदना कंसात मावत नाही. संहितांचा आदर करायचा तर त्यांना आजच्या पाठ्यपुस्तकाची सही घ्यायला लावू नये. दुखणाऱ्या माणसाकडे त्यांनी किती लक्षपूर्वक पाहिले, आणि कोठे त्यांना दिसले नाही, हे दोन्ही वाचणे हाच तो आदर.